मिडी कीबोर्ड संगणकाच्या सीरियल पोर्टला जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर कीबोर्ड म्हणजे वाजवायचा कीबोर्ड, मिडी म्हणजे ‘ही पट्टी दाबली, ही सोडली’ असे निरोप वाद्ये आणि संगणक यांनी एकमेकांना पाठवण्याची ठरलेली पद्धत, आणि सीरियल पोर्ट म्हणजे संगणकामागचा नऊ किंवा पंचवीस पिनांचा आरएस-२३२ पोर्ट. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि यूएसबी-सीरियल मॉड्यूल यांचाही विचार केला आहे, कारण आज बहुतेकांच्या हाताशी तेच असते. मल्टिमीटर वापरता येतो आणि सोल्डरिंगची थोडी सवय आहे असे धरून चाललो आहोत.

कीबोर्ड थेट सीरियल पोर्टला जोडता येतो का?

जोडता येतो, पण मध्ये थोडे काम करावे लागते. मिडी हे मुळात सीरियल संभाषणच आहे, म्हणजे बिट एकामागे एक जातात. एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, एक स्टॉप बिट, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) नाही. संगणकाचा सीरियल पोर्टही हीच रचना जशीच्या तशी समजतो. फरक फक्त दोन ठिकाणी आहे. एक विजेचा : आरएस-२३२ मध्ये निरोप व्होल्टेजने जातो, मिडीमध्ये करंटने. दुसरा वेगाचा : मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि पीसीचा पोर्ट नेमका तोच वेग देऊ शकत नाही. खाली जे जे बिघाड सांगितले आहेत, त्यांतले बहुतेक या दोनांपैकी एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. म्हणून काही अडले की आधी ठरवा : अडचण विजेची आहे की वेगाची?

सरळ यूएसबी-मिडी केबल का घेऊ नये?

फक्त वाजवायचे आणि रेकॉर्ड करायचे असेल, संगणक नवा असेल, तर केबलच घ्या. सीरियलचा मार्ग तीन ठिकाणी खरोखर उपयोगी पडतो. जुना संगणक आणि जुना कीबोर्ड आहे तसे चालू ठेवायचे असतील तेव्हा. कीबोर्डवर जुने गोल ‘टू होस्ट’ सॉकेट असेल तेव्हा. आणि रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरून स्वतःचे काही बनवायचे असेल तेव्हा. आणखी एक कारण आहे, ते आम्हाला महत्त्वाचे वाटते : कीबोर्डमधून निघालेला प्रत्येक बाइट डोळ्यांनी पाहता येतो. मिडी समजून घ्यायला याहून सोपी वाट नाही.

३१,२५० हा विचित्र आकडा आला कुठून?

१ मेगाहर्ट्झला ३२ ने भागले की ३१,२५० येतात. मिडीची आखणी झाली तेव्हाच्या वाद्यांतल्या मायक्रोप्रोसेसरला १, २ किंवा ४ मेगाहर्ट्झचे घड्याळ सहज मिळत असे आणि त्यातून हा वेग साध्या भागाकाराने निघत असे. जानेवारी १९८३ मध्ये सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये एकमेकांना जोडून दाखवली गेली; मिडी १.० चे तपशील त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आले.

पीसीच्या सीरियल पोर्टचे घड्याळ मात्र १.८४३२ मेगाहर्ट्झचे. ते टेलिप्रिंटर आणि मोडेमच्या वेगांसाठी निवडलेले आहे : ३००, १,२००, ९,६०० वगैरे. त्याला आधी १६ ने भागले की १,१५,२०० मिळतात आणि पुढे फक्त पूर्णांकाने भागता येते. ३ ने भागले तर ३८,४००, ४ ने भागले तर २८,८००. ३१,२५० साठी ३.६८६४ ने भागावे लागेल, आणि ते शक्य नाही. २८,८०० हा वेग सुमारे ८ टक्के कमी पडतो. एका बाइटचे दहा बिट वाचेपर्यंत चूक साचत जाते आणि शेवटचा बिट भलत्याच जागी वाचला जातो. दोन्ही टोकांची मिळून चार टक्क्यांच्या आत चूक असेल तरच सीरियल संभाषण भरवशाचे होते. मिडी तर स्वतःच्या वेगात एका टक्क्याहून जास्त फरक मान्य करत नाही.

कीबोर्डच्या मागे आधी काय पाहायचे?

तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

पाच पिनांची गोल सॉकेट, ‘मिडी इन’ आणि ‘मिडी आउट’ लिहिलेली. या पानाचा बराच भाग त्यांच्यासाठी आहे.

आठ पिनांचे लहान गोल सॉकेट आणि शेजारी ‘होस्ट सिलेक्ट’ असा सरकता स्विच. हे नशीबवान लोक. यांना सर्किट बनवावे लागत नाही.

फक्त चौकोनी यूएसबी सॉकेट. त्यावरही ‘टू होस्ट’च लिहिलेले असते, त्यामुळे गोंधळ होतो. हा कीबोर्ड सीरियल पोर्टला जोडता येणार नाही. यूएसबीला समोर यूएसबीचाच संगणक लागतो. कनेक्टर बदलणाऱ्या कुठल्याही जोडणीने हे काम होत नाही. हल्ली दुकानात मिळणारे घरगुती कीबोर्ड बहुतेक याच प्रकारचे असतात. विकत घेण्याआधी मागची बाजू बघा.

आठ पिनांचे ‘टू होस्ट’ कसे वापरायचे?

यामाहाच्या एमयू५०, एमयू८०, सीएस१एक्स अशा वाद्यांवर आणि रोलँडच्या एससी-८८ वर ही सोय होती. वाद्याच्या आतच वेग आणि व्होल्टेज बदलण्याची व्यवस्था असते. यामाहाच्या स्विचवर चार जागा असतात : मिडी, पीसी-१, पीसी-२ आणि मॅक. विंडोज किंवा लिनक्सच्या पीसीसाठी पीसी-२ निवडा. तिथे वेग ३८,४०० असतो आणि तो पीसीला नेमका जमतो. पीसी-१ हा पर्याय जपानमधल्या एनईसीच्या पीसी-९८०१ घराण्यातल्या संगणकांसाठी होता, त्याचा वेग ३१,२५०. भारतातल्या पीसीवर तो चालणार नाही. ‘कंपनीची केबल आहे, ड्रायव्हर आहे, तरी आवाज नाही’ या तक्रारीत बहुतेक वेळा स्विच पीसी-१ वर किंवा मिडीवर राहिलेला असतो. स्विच हलवायच्या आधी वाद्य बंद करा. बरीच वाद्ये त्याची जागा सुरू होतानाच वाचतात.

केबल मिळत नसेल तर यामाहासाठी अशी बनवा. डावीकडे आठ पिनांच्या प्लगची पिन, उजवीकडे संगणकाच्या नऊ पिनांच्या कनेक्टरची :

१ → ८
२ → ७
३ → २
४ आणि ८ → ५
५ → ३

आठ पिनांचा प्लग सोल्डर करणे किचकट असते. मॅकिंटॉशच्या जुन्या प्रिंटर केबलचे एक टोक कापून वापरणे सोपे पडते, पण तारांच्या रंगांवर विसंबू नका. प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. या जोडणीत ऑप्टो-आयसोलेटर (निरोप प्रकाशातून पुढे देऊन विजेचा थेट संबंध तोडणारा भाग) नसतो, वाद्य आणि संगणक यांचे ग्राउंड एक होते. स्पीकरमध्ये घरघर ऐकू आली तर वाद्य, संगणक आणि अँप्लिफायर एकाच प्लगपट्टीवर लावून पाहा. तरीही राहिली तर पाच पिनांच्या मिडीकडे वळा.

पाच पिनांच्या ‘मिडी आउट’मधून संगणकात डेटा घ्यायला काय लागते?

ऑप्टो-आयसोलेटर लागतोच. याला आडवाट नाही. मिडीमध्ये पाठवणारे वाद्य सुमारे ५ मिलिअँपिअर करंट पाठवते आणि घेणाऱ्या बाजूला त्या करंटने ऑप्टोमधला एलईडी पेटतो. करंट वाहिला तर ० आणि थांबला तर १. दोन उपकरणांत विजेचा थेट संबंध येत नाही, म्हणून घरघरही येत नाही.

साहित्य :

६एन१३८ ऑप्टो-आयसोलेटर, १
२२० ओहम रेझिस्टर, १
४७० ओहम रेझिस्टर, १
१० किलोओहम रेझिस्टर, १
१एन४१४८ डायोड, १
०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, १
पाच पिनांचे १८० अंशांचे डिन सॉकेट, १

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळे मिळण्यासारखे आहे. सॉकेट मागताना ‘१८० अंशांचे’ हे स्पष्ट सांगा; पाच पिनांचे २४० अंशांचेही असते आणि त्यात मिडीचा प्लग बसत नाही.

जोडणी : सॉकेटच्या पिन ४ पासून २२० ओहममधून ऑप्टोच्या पिन २ ला. सॉकेटची पिन ५ सरळ ऑप्टोच्या पिन ३ ला. डायोड ऑप्टोच्या २ आणि ३ मध्ये उलटा, म्हणजे पट्टीचे टोक २ कडे. ऑप्टोची पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ५ ग्राउंडला, आणि या दोघींमध्ये ०.१ चा कपॅसिटर जितका जवळ बसेल तितका जवळ. पिन ६ हे आउटपुट. ती ४७० ओहममधून ५ व्होल्टला ओढून ठेवा. पिन ७ १० किलोओहममधून ग्राउंडला. सॉकेटची पिन २ मोकळी सोडा. मिडी इनच्या बाजूला ती ग्राउंडला जोडली तर आयसोलेशनचा फायदाच गेला.

सॉकेटवरच्या पिना १, २, ३ अशा ओळीने नसतात. कमानीवर त्यांचा क्रम १-४-२-५-३ असा असतो : मधली २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५. पुढून आणि मागून पाहताना डावे-उजवे बदलते. म्हणून प्लास्टिकवर कोरलेले आकडेच वाचा. ४ आणि ५ ची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. डायोड लावलेला असेल तर त्यात काही जळत नाही, नुसते काहीच येत नाही. तारा बदलल्या की चालू.

घरात पीसी८१७ पडून आहे, तो चालेल का?

एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) काढलेला पीसी८१७ किंवा ४एन३५ वापरण्याचा मोह होतो, पण टाळा. मिडीचा एक बिट ३२ मायक्रोसेकंदांचा असतो आणि चढ-उतार २ मायक्रोसेकंदांच्या आत व्हायला हवा. हे ऑप्टो सावकाश बंद होतात, बिटांच्या कडा सरकतात. कधी एखादी नोट बरोबर येते, कधी भलतीच. सगळ्यात जास्त वेळ खाणारा बिघाड हा, कारण सर्किट ‘जवळजवळ’ चालत असते. ६एन१३८ वरही पिन ७ चा रेझिस्टर विसरलात किंवा ४७० ओहमऐवजी १० किलोओहम लावलात तर हेच होते.

हे आउटपुट संगणकाच्या पोर्टला कसे द्यायचे?

यूएसबी-सीरियल मॉड्यूल (टीटीएल प्रकारचे, म्हणजे ० आणि ५ किंवा ३.३ व्होल्टचा सिग्नल समजणारे) असेल तर ऑप्टोची पिन ६ सरळ मॉड्यूलच्या आरएक्सला (डेटा घेण्याच्या पिनेला), आणि ग्राउंड ग्राउंडला. बस. ५ व्होल्टही मॉड्यूलवरूनच घ्या, पण मॉड्यूलवर ३.३ आणि ५ चा जंपर असेल तर तो ५ वर आहे ना, ते पाहा.

खरा आरएस-२३२ पोर्ट असेल तर मध्ये मॅक्स२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप लागते. इथे आणि पुढे संगणकाच्या सीरियल पोर्टच्या पिनांचे आकडे नऊ पिनांच्या कनेक्टरचे आहेत. ऑप्टोची पिन ६ मॅक्स२३२ च्या पिन ११ ला; पिन १४ मधून संगणकाच्या पिन २ ला; ग्राउंड संगणकाच्या पिन ५ ला. मॅक्स२३२ ची पिन १६ ला ५ व्होल्ट, १५ ग्राउंडला. चार कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचे : पिन १ आणि ३ मध्ये (धन टोक १ कडे), ४ आणि ५ मध्ये (धन टोक ४ कडे), पिन २ आणि ग्राउंडमध्ये (धन टोक २ कडे), आणि पिन ६ व ग्राउंडमध्ये. या शेवटच्याचे धन टोक ग्राउंडकडे येते, कारण पिन ६ वर ऋण व्होल्टेज असते. इथे हमखास उलटे लागते. वीज दिल्यावर पिन २ वर अधिक ८ ते १० आणि पिन ६ वर उणे ८ ते १० व्होल्ट दिसले पाहिजेत. ते दिसत नाहीत तोवर पुढे जाऊ नका.

सीरियल पोर्टवर ५ व्होल्टची पिन नसते. हँडशेकच्या पिनांवरून वीज चोरण्याची युक्ती माऊससाठी चालत असे. इथे मॅक्स२३२ आणि ऑप्टो मिळून जास्त खातात. चांगल्या प्रतीचा मोबाइल चार्जर वापरा.

संगणकाकडून कीबोर्डकडे, म्हणजे ‘मिडी इन’ला, कसे पाठवायचे?

संगणकाच्या पिन ३ पासून मॅक्स२३२ च्या पिन १३ ला, आणि पिन १२ मधून टीटीएल सिग्नल बाहेर. तो थेट मिडी सॉकेटला देऊ नका. मॅक्स२३२ चे आउटपुट जेमतेम ३ मिलिअँपिअर ओढण्यासाठी आहे, मिडीला ५ लागतात. ७४एचसी१४ चे दोन इन्व्हर्टर एकामागे एक लावा (दोनच, म्हणजे सिग्नल पुन्हा सुलटा होतो), तिथून २२० ओहममधून सॉकेटच्या पिन ५ ला. सॉकेटची पिन ४ दुसऱ्या २२० ओहममधून ५ व्होल्टला. पिन २ या बाजूला मात्र ग्राउंडला जोडायची. ७४एचसी१४ चे न वापरलेले इनपुट ग्राउंडला बांधा.

फक्त पाठवायचेच असेल तर याहून स्वस्त युक्ती आहे. आरएस-२३२ मध्ये ० पाठवताना व्होल्टेज धन होते आणि मिडीत ० म्हणजे करंट चालू. दिशा जुळते. म्हणून संगणकाच्या पिन ३ पासून एक १एन४१४८ (पट्टीचे टोक सॉकेटकडे) आणि १ किलोओहम एकामागे एक लावून सॉकेटच्या पिन ४ ला, आणि संगणकाची पिन ५ सॉकेटच्या पिन ५ ला. पोर्ट १० व्होल्टच्या आसपास देत असेल तर १ किलोओहम ठीक. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट ५-६ व्होल्टच देत असेल तर ४७० ओहम. ऑप्टो कीबोर्डच्या आत असतोच, त्यामुळे आयसोलेशनही शाबूत राहते. वेगाचा प्रश्न मात्र सुटत नाही, तो पुढे.

मग वेग जुळवायचा कसा?

चार वाटा आहेत. पसंतीच्या क्रमाने सांगतो.

एफटी२३२आर चिप असलेले यूएसबी-सीरियल मॉड्यूल. हिचे मूळ घड्याळ ३ मेगाहर्ट्झ. ९६ ने भागले की अचूक ३१,२५०. सॉफ्टवेअरने हा आकडा मागायचा एवढेच. ज्या प्रोग्रॅममध्ये वेगाची ठरलेली यादीच असते आणि आकडा टाइप करता येत नाही, तो इथे निरुपयोगी. बाजारात या चिपच्या नकला खूप आहेत, विश्वासाच्या दुकानातून घ्या.

मध्ये मायक्रोकंट्रोलर. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोला ३१,२५० शून्य चुकीने जमतो. संगणकाशी बोलण्याखेरीज आणखी एक हार्डवेअर सीरियल मोकळा असलेला बोर्ड घ्या : मेगा किंवा लिओनार्डो. मेगावर मिडी पिन १९ वर येऊ द्या, पिन १८ वरून जाऊ द्या, आणि संगणकाकडे ३८,४०० ने बोला. दोन्ही बाजूंनी आलेला बाइट पलीकडे टाकायचा, इतकाच प्रोग्रॅम. संगणकाकडचा वेग १,१५,२०० ठेवण्याचा आग्रह धरू नका. तिथून सेकंदाला ११,५२० बाइट येऊ शकतात, मिडीतून ३,१२५ च जातात, आणि आर्डुइनोचा ६४ बाइटांचा बफर लगेच ओसंडतो. ३८,४०० ला फरक थोडाच उरतो. ऊनो वापरत असाल तर प्रोग्रॅम चढवताना पिन ० ची तार काढून ठेवा, नाहीतर अपलोड अडतो.

रास्पबेरी पाय. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘मिडी-यूएआरटी०’ नावाचा ओव्हरले (हार्डवेअरची तयार सेटिंग) लावला की प्रोग्रॅमने ३८,४०० मागितले तरी पोर्ट प्रत्यक्षात ३१,२५० ने चालतो. पाय ३ आणि पाय ४ वर हा चांगला यूएआरटी (सीरियल पोर्टचे हार्डवेअर) ब्लूटूथकडे गेलेला असतो; ब्लूटूथ बंद करणारा ओव्हरलेही लावा. सीरियल कन्सोल बंद करा, नाहीतर सुरू होतानाचे सगळे संदेश कीबोर्डला जातील. बाइट येतात हेडरच्या पिन १० वर, जातात पिन ८ वरून. इथे ५ व्होल्ट कदापि देऊ नका, पिना ३.३ च्या आहेत. ६एन१३८ ऐवजी एच११एल१ घ्या, तो ३ व्होल्टपासून चालतो : पिन १ आणि २ एलईडीच्या, ४ आउटपुट, ५ ग्राउंड, ६ ला ३.३ व्होल्ट, आणि ४ ते ६ मध्ये ४७० ओहम. पाठवण्याच्या बाजूला ३.३ व्होल्टसाठी २२० ओहम जास्त होतात. सॉकेटच्या पिन ४ ला ३३ आणि पिन ५ ला १० ओहम लावा.

क्रिस्टल बदलणे. सीरियल पोर्टच्या जुन्या आयएसए कार्डावर ८२५० किंवा १६४५० या सीरियल चिपशेजारी १.८४३२ चा सुटा क्रिस्टल असतो. तो काढून २ मेगाहर्ट्झचा लावला आणि वेग २८,८०० निवडला की प्रत्यक्षात ३१,२५० मिळतात. सुंदर उपाय, पण त्या पोर्टवर बाकी सगळे वेग साडेआठ टक्के पुढे पळतील, म्हणजे मोडेम चालणार नाही. कार्ड मिडीसाठीच राखून ठेवायचे असेल तरच. मदरबोर्डवरच्या पोर्टला हे करता येत नाही, कारण त्याचे घड्याळ मोठ्या चिपच्या आत तयार होते.

संगणकात सॉफ्टवेअर कोणते?

विंडोजला सीरियल पोर्ट हे मिडी उपकरण म्हणून आपोआप दिसत नाही. विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळात वाद्यांच्या कंपन्या त्यासाठी ड्रायव्हर देत. ते ३२ बिटचे आहेत, ६४ बिट विंडोजवर बसत नाहीत. आज सोपा मार्ग असा : लूपमिडीने एक आभासी मिडी पोर्ट तयार करा आणि हेअरलेस मिडी नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने सीरियल पोर्ट त्याला जोडा. वेग दोन्हीकडे सारखा ठेवा. यामाहाचा पीसी-२ असो की आर्डुइनो, ३८,४०० ठेवले की झाले. मॅकवर आभासी पोर्टसाठी आयएसी ड्रायव्हर सिस्टिममध्येच असतो.

लिनक्सवर टीटीवायमिडी हा प्रोग्रॅम सीरियल पोर्ट अल्साला (लिनक्सच्या आवाज-व्यवस्थेला) जोडून देतो. जुन्या पीसीच्या खऱ्या पोर्टसाठी कर्नलमध्ये यू१६५५० नावाचे सीरियल मिडी मॉड्यूल आहे. ते चढवण्याआधी त्या पोर्टवरचा नेहमीचा ड्रायव्हर ‘सेटसीरियल’ने सोडवावा लागतो, नाहीतर ‘पोर्ट व्यग्र’ असे उत्तर येते.

जोडणी बरोबर आहे हे वाजवण्याआधी कसे कळेल?

एकेक टप्पा तपासा. आधी संगणकाच्या पिन २ आणि ३ एकमेकींना जोडा आणि टर्मिनलमध्ये टाइप करा. अक्षरे परत दिसली तर पोर्ट आणि ड्रायव्हर ठीक. पोर्ट मदरबोर्डवरून पट्टीच्या केबलने मागे आणलेला असेल तर ही चाचणी जरूर करा, कारण त्या केबलींच्या तारा दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लावलेल्या मिळतात आणि चुकीची लागली तर पिना हलतात. पिन ३ आणि ५ मध्ये काही न पाठवता उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसायला हवेत.

मग कीबोर्ड. मिडी आउटच्या पिन ४ वर, पिन २ च्या तुलनेत, सुमारे ५ व्होल्ट (काही नव्या वाद्यांवर ३.३) असले पाहिजेत. पिन ४ आणि ५ मध्ये एक एलईडी लावा, लांब पाय ४ कडे. पट्टी दाबली की अंधाऱ्या खोलीत लुकलुक दिसते.

शेवटी सॉफ्टवेअरमध्ये आलेले बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) पाहा. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली की ९०, ३सी आणि जोराप्रमाणे बदलणारा तिसरा आकडा यायला हवा. त्याच सप्तकातली काळी चार म्हणजे ४४. हे आकडे ठराविक अंतराने सरकलेले दिसले तर सर्किटला दोष देऊ नका, कीबोर्डचे ट्रान्सपोज पाहा. गायकाच्या पट्टीसाठी ते बदलून नंतर तसेच राहून जाते. पट्टी सोडल्यावर ८० येईल, किंवा पुन्हा ९० आणि शेवटी ००. दोन्ही बरोबर. मध्येच फक्त ३सी आणि आकडा, पुढचा ९० नाही, असे दिसले तरी घाबरू नका : पहिला बाइट तोच असेल तर वाद्य तो पुन्हा पाठवत नाही. काही न वाजवता एफई येत राहिला तर तो ‘मी जिवंत आहे’ हा निरोप.

बाइट येतात, पण अर्थहीन. का?

दर दाबाला वेगवेगळा कचरा येत असेल तर वेग चुकला आहे किंवा ऑप्टो मंद आहे. दर दाबाला तोच ठरलेला कचरा येत असेल तर सिग्नल उलटा झालाय, म्हणजे इन्व्हर्टर एक कमी किंवा एक जास्त. हा फरक आधी पाहिला तर निम्मी शोधाशोध वाचते.

आवाज उशिरा येतो. सीरियल हळू आहे म्हणून?

बहुधा नाही. एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात, तीन बाइटांच्या नोटला एक मिलिसेकंदाहून कमी. दहा बोटांचा कॉर्डही १० मिलिसेकंदांच्या आत जातो. एफटी२३२आर वापरत असाल तर दोषी बहुतेक तिचा लेटन्सी टायमर असतो. तो मुळात १६ मिलिसेकंद असतो : थोडे बाइट आले तर चिप तेवढा वेळ वाट पाहते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, त्या पोर्टची प्रगत सेटिंग्ज, तिथे १ करा. त्यानंतरही उशीर असेल तर साउंड कार्डचा बफर पाहा.

मींड काढताना पिच बेंडचे चाक मात्र खरोखर गर्दी करते. प्रत्येक हालचालीला तीन बाइट, आणि सेकंदाला असे हजारभर निरोपच मावतात. वरून आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरच्या जोराचे निरोप) चालू असेल तर नोटा मागे पडतात. गरज नसेल तर आफ्टरटच बंद ठेवा.

नोट अडकून वाजतच राहते.

सोडल्याचा निरोप हरवला. जुन्या पीसीवर ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये एकच बाइट थांबू शकतो. संगणक डिस्कमध्ये गुंतला की पुढचा त्यावर लिहिला जातो. १६५५०ए मध्ये १६ बाइट थांबतात, म्हणून मिडीसाठी तीच हवी. सिस्टम एक्सक्लुझिव्हचे (वाद्याच्या स्वतःच्या सेटिंग्जचे) मोठे डंप अर्धवट येण्याचे कारणही हेच.

अमिगा, अटारी, जुना मॅक यांचे काय?

अटारी एसटीला काहीच लागत नाही. १९८५ पासून मिडी सॉकेट त्याच्या अंगावरच आहेत. आत ५०० किलोहर्ट्झला १६ ने भागून वेग तयार होतो.

अमिगाचा सीरियल पोर्ट पीसीहून खूपच लवचिक. पाल (युरोपी टीव्ही पद्धतीच्या) यंत्रावर त्याचा वेग ३१,३८८ किंवा ३१,११३ इतका जवळ आणता येतो, चूक अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून वरचे मॅक्स२३२ चे सर्किट अमिगा ५०० ला तसेच चालते. फक्त पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर पिन ९ ला अधिक १२ आणि १० ला उणे १२ व्होल्ट असतात, त्यामुळे पीसीची सगळ्या तारा जोडलेली केबल लावू नका. अमिगा १००० वर वीज देणाऱ्या पिनांची मांडणी आणखी निराळी आहे.

मॅकचा आठ पिनांचा पोर्ट आरएस-४२२ आहे. त्याला बाहेरून १ मेगाहर्ट्झचे घड्याळ द्यावे लागते, ते तो ३२ ने भागतो. मॅकचे मिडी इंटरफेस म्हणजे मुख्यतः हे घड्याळ आणि ऑप्टो. १९९८ च्या आयमॅकपासून हे पोर्ट गेले.

जॉयस्टिकच्या पंधरा पिनांच्या पोर्टला जोडले तर?

तो सीरियल पोर्ट नव्हे, साउंड कार्डचा भाग आहे. त्यावर मिडीचा वेग आधीच बरोबर असतो आणि सिग्नल टीटीएल असतो : पिन १२ आउट, पिन १५ इन, ५ व्होल्ट पिन १ वर. तुमच्या जुन्या पीसीला हा असेल तर मॅक्स२३२ आणि वेगाची सगळी कटकट वाचते, फक्त ऑप्टो लागतो. सीरियलच्या आधी याचाच विचार करा.

प्रत्येक नोट दोनदा वाजते.

कीबोर्ड स्वतः वाजवतो आणि संगणक तोच निरोप परत पाठवून पुन्हा वाजवायला लावतो. कीबोर्डवर ‘लोकल कंट्रोल’ बंद करा, किंवा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मिडी थ्रू’ बंद करा. दोन्ही बंद केले तर वाजवताना काहीच ऐकू येणार नाही. लोकल कंट्रोल बंद राहून गेलेला कीबोर्ड संगणक काढल्यावर मुका वाटतो, आणि तो दुरुस्तीला नेण्याआधी ही एक सेटिंग पाहून घ्यावी.